दहावीनंतर बेळगावात शिकायला येताना

एसएसएलसीचा, म्हणजे कर्नाटकातल्या दहावीचा, निकाल लागला की आठवड्याभरात बेळगावच्या सीबीटीवर (मध्यवर्ती बसस्थानकावर) बाप-लेकांच्या जोड्या उतरायला लागतात. जांबोटी, कणकुंबी, बेकिनकेरे, कडोली, उचगाव. लेकीच्या हातात प्लास्टिकची फाईल, बापाच्या खिशात चार घड्या घातलेला कागद आणि त्यावर कुणीतरी लिहून दिलेलं कॉलेजचं नाव. पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘सायन्सचा फॉर्म कुठं मिळतो?’

या प्रश्नाचं उत्तर रिक्षावालाही देईल. पण त्याच्या आधी विचारायचा प्रश्न घरात कुणी विचारलेलाच नसतो. हे शिक्षण कुठं घेऊन जातं, आणि मध्येच थांबावं लागलं तर हातात काय राहतं? मीही खानापूर तालुक्यातल्या एका गावातून असाच आलो होतो. पुढं उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीतल्या एका वर्कशॉपात वीसेक वर्षं नव्या पोरांना मशीनवर उभं करण्याचं काम केलं. त्या पोरांशी बोलून जे कळलं ते इथं क्रमानं लिहितो. घरातून पहिल्यांदाच कुणी दहावीच्या पुढं जात असेल, तर हे त्या घरासाठी आहे.

बेळगाव हे शिकायला येण्याचं गाव आहे, आजचं नाही. केएलई संस्था 1916 ची, कर्नाटक लॉ सोसायटी आणि तिचं लॉ कॉलेज 1939 चं. 1998 मध्ये विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ इथं आलं आणि राज्यभरातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांचा कारभार बेळगावातून चालू लागला. 2010 मध्ये राणी चन्नम्मा विद्यापीठ झालं, त्यामुळं पदवीच्या कामासाठी धारवाडला हेलपाटे मारायची गरज संपली. मोठ्या नावांच्या या कॉलेजांची पाटी लांबूनही दिसते. आयटीआय, पॉलिटेक्निक, टूल रूम, मुक्त विद्यापीठाचं केंद्र यांच्या पाट्या मात्र कुणी दाखवल्याशिवाय दिसत नाहीत, आणि खेड्यातल्या मुलांना जास्त उपयोग त्यांचाच होतो.

पहिली पायरी: निकालाआधी कागद

परीक्षा संपल्यावर दोन महिने मुलं मोकळी असतात. कागदांचं काम त्याच दिवसांत करायचं. निकालानंतर नाडकचेरीत, म्हणजे दाखले देणाऱ्या सरकारी कचेरीत, रांग लागते आणि कॉलेजची तारीख कुणासाठी थांबत नाही.

जात आणि उत्पन्नाचा दाखला नाडकचेरीतून मिळतो, अर्ज ऑनलाईनही करता येतो. दाखल्यावर ‘आरडी’नं सुरू होणारा एक नंबर असतो. प्रवेशापासून स्कॉलरशिपपर्यंत सगळीकडं तो नंबर टाकावा लागतो, म्हणून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. मराठा समाज कर्नाटकात 3 बी प्रवर्गात येतो. महाराष्ट्रातल्या नातेवाइकांनी सांगितलेले प्रवर्ग इथं लागू होत नाहीत, त्यामुळं फॉर्म भरताना कोल्हापूरच्या मामाचं ऐकू नका.

दुसरा कागद स्टडी सर्टिफिकेट. पहिलीपासून दहावीपर्यंत कोणत्या शाळेत, कोणत्या वर्षी शिकलात याचा हा दाखला. शाळा तो देते आणि त्यावर बीईओ (गटशिक्षणाधिकारी) ऑफिसचा सही-शिक्का लागतो. पुढं सीईटीला, म्हणजे इंजिनिअरिंगसारख्या अभ्यासक्रमांच्या प्रवेशपरीक्षेला, बसायचं असेल तर पहिली ते बारावीपैकी किमान 7 वर्षं कर्नाटकात शिकल्याचा पुरावा म्हणून हाच कागद चालतो. दहावीपर्यंत खेड्यातल्या शाळेत शिकलेल्यांनी ग्रामीण सर्टिफिकेटही घ्यावं. सीईटीच्या प्रवेशात ग्रामीण मुलांसाठी 15 टक्के जागा असतात आणि मराठी माध्यमातून शिकलेल्यांनाही त्या मिळू शकतात. कन्नड माध्यमासाठीची राखीव सोय वेगळी आहे, ती तुमच्यासाठी नाही. ग्रामीणची मात्र आहे. ही दोन नावं एकमेकांत मिसळल्यामुळं कितीतरी घरं ग्रामीण सर्टिफिकेट काढतच नाहीत, आणि मला याचं फार वाईट वाटतं.

आता नावाचं. आपल्या भागात सगळ्यात जास्त पोरं नावापायी अडकतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो. मराठी घरातलं नाव शाळेत मराठीत लिहिलं जातं, सरकारी कागदावर कन्नडमध्ये जातं, आणि तिथून इंग्रजीत येतं. दोन वळणं घेऊन आलेलं नाव बदलतं. ‘ज्ञानेश्वर’ आपण इंग्रजीत ‘डी-एन-वाय’नं लिहितो, कन्नड पद्धतीनं ते ‘जे-एन’नं सुरू होतं. एकाच मुलाच्या आधारवर एक आणि मार्क्स कार्डावर दुसरं स्पेलिंग. कुठं आडनाव आधी, कुठं शेवटी, कुठं बापाच्या नावाचं नुसतं आद्याक्षर. माणूस वाचेल तर त्याला कळेल की मुलगा एकच आहे, पण संगणक दोन माणसं समजतो आणि स्कॉलरशिप परत जाते. म्हणून आधार, मार्क्स कार्ड, बँकेचं पासबुक आणि जातीचा दाखला हे चार कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून पाहा. मार्क्स कार्डावर चूक असेल तर हेडसरांमार्फत बोर्डाकडं दुरुस्तीला लवकर पाठवा. मार्क्स कार्ड बरोबर असेल तर बाकीचे कागद त्याच्याप्रमाणं करून घ्या, कारण जन्मभर दाखवायचं ते मार्क्स कार्डच.

एक-दोन विषय राहिले तर घरात रडारड होते. तिची गरज नाही. एसएसएलसी आणि सेकंड पीयूच्या (बारावीच्या) परीक्षा आता वर्षात एकापेक्षा जास्त वेळा होतात. पहिल्या परीक्षेत राहिलेला विषय पुढच्या परीक्षेत काढून त्याच वर्षी पुढं जाता येतं. निकालानंतर लगेच शाळेत जाऊन फॉर्म भरा, चार दिवस शोक करण्यात घालवू नका.

दुसरी पायरी: कोणता दरवाजा

दहावीनंतर बेळगावात मुख्य दरवाजे चार: पीयू, आयटीआय, पॉलिटेक्निकचा डिप्लोमा आणि सरकारी टूल रूमचं प्रशिक्षण. नर्सिंग, लॅब टेक्निशियन, शिवणकाम, संगणक असे बाकीचेही आहेत, पण या चारांतला फरक नीट कळला की बाकीचं पारखता येतं.

पीयू म्हणजे महाराष्ट्रातली अकरावी-बारावी. सायन्स, कॉमर्स, आर्ट्स, आणि त्यांतले विषयांचे गट आद्याक्षरांनी ओळखले जातात. भौतिक, रसायन, गणित आणि जीवशास्त्र असेल तर ‘पीसीएमबी’, जीवशास्त्राऐवजी कॉम्प्युटर असेल तर ‘पीसीएमसी’. काउंटरवरचा माणूस अक्षरंच बोलतो, अर्थ सांगत नाही. न लाजता विचारा. भाषा म्हणून मराठी कोणत्या कॉलेजात घेता येते, तेही त्याच वेळी विचारा. सगळीकडं सोय नसते, आणि प्रवेश झाल्यावर कळून उपयोग नाही.

इंजिनिअरिंगचा विचार असेल तर एक हिशेब लक्षात ठेवा. कर्नाटकात सीईटीचा क्रमांक लावताना निम्मं वजन सेकंड पीयूच्या भौतिक-रसायन-गणिताच्या मार्कांना आणि निम्मं सीईटीच्या मार्कांना असतं. नुसत्या क्लासच्या भरवशावर कॉलेज बुडवणाऱ्या मुलांचं म्हणूनच नुकसान होतं.

आयटीआयमध्ये ट्रेड असतात. फिटर, टर्नर, मशिनिस्ट, इलेक्ट्रिशियन दोन वर्षांचे. वेल्डर आणि कॉम्प्युटर ऑपरेटरचा कोपा एका वर्षाचा. वेल्डर, वायरमन अशा काही ट्रेडना आठवी पासही चालतं. राज्यातल्या 150 सरकारी आयटीआयमध्ये टाटा टेक्नॉलॉजीजच्या सहभागातून नवी यंत्रं आणि रोबोटिक्स, प्रगत सीएनसी (संगणकानं चालणारी यंत्रं) यांसारखे नवे अभ्यासक्रम आले आहेत. आपल्या जवळच्या आयटीआयचा त्यांत समावेश आहे का, ते प्रत्यक्ष जाऊन पाहावं.

डिप्लोमा तीन वर्षांचा. त्यानंतर डीसीईटी ही परीक्षा देऊन इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं.

चौथा दरवाजा उद्यमबागेत आहे, सरकारी टूल रूम आणि ट्रेनिंग सेंटर, म्हणजे जीटीटीसी. कारखान्याला लागणारी हत्यारं आणि साचे बनवायला इथं शिकवतात. टूल अँड डाय मेकिंगचा डिप्लोमा इथं दहावीवर मिळतो. तीन वर्षं शिकायचं आणि चौथं वर्ष कारखान्यात काढायचं. शिस्त कडक आहे, सुट्ट्या कमी, आणि पोरांचे हात पहिल्या वर्षी काळे होतात. कारखान्याचे लोक या मुलांना आदरानं वागवतात. माझ्या मुलाला हातानं काम करायची आवड असती तर मी त्याला डोळे मिटून इथं घातलं असतं.

एका शिक्षणातून पुढच्या शिक्षणाकडं चढायचे जिने कुठं आहेत ते आता सांगतो. दोन वर्षांचा आयटीआय ट्रेड पुरा केलेला मुलगा संबंधित डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाऊ शकतो. तिथं दोन वर्षं काढून डीसीईटीमार्गे इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. त्यासाठी डिप्लोमाला साधारण 45 टक्के, राखीव प्रवर्गाला 40 टक्के लागतात. आता वर्षं मोजा. पीयूतून गेलं तर 2 आणि 4, एकूण 6. डिप्लोमातून 3 आणि 3, तेही 6. आयटीआयपासून सुरुवात केली तर 2, 2 आणि 3, एकूण 7. एकच वर्ष जास्त. त्या एका वर्षाच्या बदल्यात दुसऱ्याच वर्षी हातात ट्रेड सर्टिफिकेट येतं. बाप आजारी पडला, शेतात काही पिकलं नाही, तरी मुलगा कमावता राहतो आणि दोन-तीन वर्षांनी पुन्हा जिना चढू शकतो. सेकंड पीयू सायन्समध्ये अडकलेल्या मुलाच्या हातात त्या वेळी एसएसएलसीचं मार्क्स कार्ड सोडून काही नसतं.

हे मी अनुभवानं लिहितो. मला मार्क बरे होते म्हणून सगळ्यांनी सायन्सला घातलं. मराठी शाळेतून थेट इंग्रजीत भौतिकशास्त्र. सहा महिने फळ्यावरचं उतरवून घेतलं, अर्थ एकाही ओळीचा लागला नाही. फर्स्ट पीयूला तीन विषय राहिले. गावी तोंड दाखवायची लाज वाटून एका खासगी संस्थेत टर्नरच्या कोर्सला पैसे भरले. पावती साध्या कागदावर होती. वर्ष संपत आल्यावर कळलं की संस्थेला मान्यताच नाही. पुढच्या वर्षी मान्यता असलेल्या आयटीआयमध्ये पुन्हा पहिल्यापासून बसलो. माझी दोन वर्षं गेली, वडिलांचा एक बैल गेला. बैलाचं मी आजही विसरलेलो नाही.

एका वर्षाच्या ट्रेडबद्दल सावध करतो. वेल्डर झालेल्याला काम लवकर मिळतं हे खरं. पण डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाचा जिना दोन वर्षांच्या ट्रेडमधून निघतो. पुढं शिकायची थोडी जरी इच्छा असेल तर दोन वर्षांचा ट्रेड घ्या.

मुलींच्या आईवडिलांशीही थोडं बोलतो. मुलीला आयटीआयला घालायचं म्हटलं की घरातून ‘कॉम्प्युटरचं काहीतरी बघा’ असं येतं. इलेक्ट्रिशियन, इलेक्ट्रॉनिक्स, मशिनिस्ट या ट्रेडमध्ये मुली उत्तम काम करतात. मोजमाप आणि तपासणीच्या टेबलावर मी ज्या मुली पाहिल्या, त्यांच्या हातून सुटलेला खराब जॉब, म्हणजे यंत्रावर घडवलेला भाग, मला आठवत नाही. तिला विचारा, मग ट्रेड ठरवा.

तिसरी पायरी: पैसे भरण्याआधी जाऊन बघा

कॉलेज बघायला जायचं म्हणजे गेट आणि बाग बघायला जायचं नाही. वर्कशॉप दाखवा म्हणायचं. आत गेल्यावर लेथच्या, म्हणजे लोखंड फिरवत कातणाऱ्या यंत्राच्या, खाली वाका. लोखंडाचा कीस पडलेला दिसला, कूलंटचा वास आला, म्हणजे यंत्र चालतं. मशीनवर धुळीचा थर आणि खाली फरशी चकचकीत असेल तर तिथं मुलं वहीतच टर्निंग शिकतात. दुसऱ्या वर्षाच्या दोन मुलांना बाजूला घेऊन विचारा, आठवड्यात मशीन किती वेळा हातात येतं? पोरं खरं सांगतात.

मान्यतेचे कागद मागायला घाबरू नका. आयटीआयच्या बाबतीत विचारायचं की हा ट्रेड एनसीव्हीटी या देशपातळीवरच्या मान्यतेचा आहे की राज्याच्या एससीव्हीटीचा. मान्यता संस्थेला एकगठ्ठा नसते, ट्रेडगणिक आणि तुकडीगणिक असते, म्हणून ‘आमच्या आयटीआयला मान्यता आहे’ एवढ्या उत्तरावर थांबू नका. पॉलिटेक्निकला एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेची मान्यता लागते. पदवी कॉलेज असेल तर ते राणी चन्नम्मा विद्यापीठाशी संलग्न आहे का, ते पाहायचं. छापील नंबराची पावती मिळाल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका. ‘पावती नंतर देतो’ म्हणणाऱ्या काउंटरवरून परत फिरा.

पदवीसाठी येणाऱ्यांनी एवढं जाणून असावं की मधली काही वर्षं चाललेली चार वर्षांची पद्धत कर्नाटकानं 2024-25 पासून मागं घेतली आणि पदवी पुन्हा तीन वर्षांची झाली. प्रवेशाची नोंद युयुसीएमएस या सरकारी पोर्टलवर होते. कॉलेज रोडवरचं लिंगराज, टिळकवाडीतलं आरपीडी, क्लब रोडवरचं भाऊराव काकतकर ही जुनी कॉलेजं शहराच्या मध्यात आहेत, बसनं सहज पोचता येतं. मराठी घेऊन एमए करायचं असेल तर राणी चन्नम्मा विद्यापीठात मराठीचा विभाग आहे.

चौथी पायरी: भाषेची भीती

मराठी शाळेत तुमची पहिली भाषा मराठी होती, दुसरी इंग्रजी, तिसरी कन्नड. म्हणजे तीन लिप्या आणि तीन व्याकरणं तुम्ही दहावीपर्यंत पार केलेली आहेत. शहरातल्या इंग्रजी शाळेच्या पोराकडं हे नाही. तरी पहिले सहा महिने जड जातात, आणि मुलं गळतात ती याच सहा महिन्यांत.

मला उपयोगी पडलेला उपाय साधा होता. वहीच्या पानावर मधोमध उभी रेघ. डावीकडं सरांनी सांगितलेला इंग्रजी शब्द, उजवीकडं त्याच रात्री आपल्या मराठीत त्याचा अर्थ, आणि जमलं तर लहान चित्र. फोर्स म्हणजे बल, टॉर्क म्हणजे पिळणारं बल, पान्यानं नट आवळताना हाताला जाणवतं ते. दिवसाला दहा शब्द झाले तरी दिवाळीपर्यंत पुस्तक उघडतं. वर्गात प्रश्न मराठीत विचारावा लागला तर मराठीत विचारा. बेळगावातल्या बहुतेक सरांना मराठी कळतं, आणि ज्यांना कळत नाही त्यांना शेजारचा मुलगा समजावून सांगेल.

कन्नडचं मी मनापासून सांगतो. सीमाप्रश्नाबद्दल आपल्या घरात जे वाटतं ते वाटू दे, माझ्या घरातही वाटतं. 1956 पासूनची ती वेदना आहे आणि 2004 पासून खटला सुप्रीम कोर्टात आहे. पण नाडकचेरीतला फॉर्म, बसची पाटी, हॉस्टेलची नोटीस आणि फौंड्रीतल्या (ओतकामाच्या कारखान्यातल्या) जोडीदाराची हाक कन्नडमध्ये असते. ती न कळल्यानं नुकसान आपल्याच पोराचं होतं. डिप्लोमाला आणि इंजिनिअरिंगला ‘बळके कन्नड’ नावाचा विषय कन्नड न येणाऱ्यांसाठी असतो. बळके म्हणजे वापरातलं. तो नुसता पास होण्यापुरता घेऊ नका, बोलण्यासाठी घ्या.

फॉर्मवरचे शब्द आजच पाठ करता येतील: हेसरु म्हणजे नाव, तंदे म्हणजे वडील, तायी म्हणजे आई, विळास म्हणजे पत्ता, आदाय म्हणजे उत्पन्न, अर्जी म्हणजे अर्ज. दिनांक, जाती, प्रमाणपत्र, शुल्क आणि सही हे तर आपलेच शब्द, फक्त लिपी वेगळी.

पाचवी पायरी: येणं-जाणं, राहणं

11 जून 2023 पासून शक्ती योजनेत कर्नाटकातल्या महिलांना राज्याच्या साध्या सरकारी बसमधून फुकट प्रवास करता येतो, आधार किंवा तसं ओळखपत्र दाखवून. बसभाड्यापायी दहावीनंतर घरी बसणाऱ्या मुलींसाठी हा मोठा आधार आहे. मुलांसाठी सवलतीचा बसपास असतो. त्याचा अर्ज राज्य सरकारच्या सेवासिंधू पोर्टलवरून भरायचा, फोटो आणि कॉलेजची पावती लागते. खानापूरच्या बाजूनं येणाऱ्यांना रेल्वेही आहे.

बस असली तरी वेळ बघा. आयटीआय आणि जीटीटीसीचा दिवस लांब असतो. संध्याकाळी गावाकडं जाणारी शेवटची गाडी किती वाजता सुटते, हे प्रवेशाआधी विचारून ठेवा. रोज दोन-अडीच तास गाडीत जात असतील तर पहिल्या वर्षी शहरात राहणं बरं.

मागासवर्गीय कल्याण आणि समाज कल्याण खात्यांची दहावीनंतरच्या विद्यार्थ्यांसाठी सरकारी हॉस्टेलं आहेत, अर्ज स्टेट हॉस्टेल पोर्टलवर करायचा. जागा लवकर भरतात, कॉलेजचा प्रवेश पक्का झाला की त्याच दिवशी अर्ज करा. नाही मिळालं तर अनगोळ, वडगाव, शहापूर या बाजूला तीन-चार मुलांनी मिळून खोली घेण्याची पद्धत आहे. उद्यमबागेत शिकणाऱ्यांना अनगोळ जवळ पडतं. खोली घेताना पाण्याचं विचारा, उन्हाळ्यात नळाला किती दिवसांनी पाणी येतं ते. भाड्याआधी हाच प्रश्न.

सहावी पायरी: स्कॉलरशिप

राज्य सरकारच्या बहुतेक स्कॉलरशिप एसएसपी (स्टेट स्कॉलरशिप पोर्टल) या पोर्टलवरून मिळतात. मुलाच्या स्वतःच्या नावाचं बँक खातं हवं आणि ते आधारशी जोडलेलं हवं. बँकेत जाऊन ‘आधार लिंक आहे का’ एवढंच विचारलं तर हो म्हणतात. विचारायचं असं की, सरकारी पैसे जमा होण्यासाठी आधारला जोडलेलं खातं हेच आहे का? दोन बँकांत खाती असतील तर पैसे दुसरीकडंच जातात. काही कागदांना कॉलेजकडून ई-अटेस्टेशन लागतं. त्यासाठी ऑफिसातल्या क्लार्कसाहेबांकडं वेळेत जा, शेवटच्या तारखेला त्यांच्या टेबलाभोवती पन्नास मुलं असतात.

सीमेपलीकडं जायचं असेल तर

निपाणीच्या पोरांना हे सांगायला नको. त्यांचं देवचंद कॉलेज अर्जुननगरला आहे, म्हणजे कागल तालुक्यात, कोल्हापूर जिल्ह्यात. घर कर्नाटकात, वर्ग महाराष्ट्रात. तिथं बारावी केली तरी कर्नाटकाच्या सीईटीचा दरवाजा आपोआप बंद होत नाही. 7 वर्षांचं शिक्षण कर्नाटकात झालेलं आणि दहावी किंवा बारावी यांतली एक परीक्षा कर्नाटकातून पास झालेली, अशी अट आहे. म्हणून त्यांनी स्टडी सर्टिफिकेट जास्तच जपावं.

इंजिनिअरिंग, फार्मसी अशा अभ्यासक्रमांना महाराष्ट्रात जायचं असेल तर तिथल्या सीईटी सेलच्या प्रवेशात सीमाभागातल्या मराठी मुलांसाठी ‘टाइप ई’ अशी वेगळी सोय आहे. महाराष्ट्रानं दावा सांगितलेल्या 865 गावांच्या भागातली ही मुलं. त्यासाठी दोन दाखले लागतात: विद्यार्थी वादग्रस्त सीमाभागातला असल्याचा आणि त्याची मातृभाषा मराठी असल्याचा. दोन्हींचे नमुने प्रवेशाच्या माहितीपुस्तिकेत छापलेले असतात. ते निकालाआधीच तयार ठेवा, कारण त्या दिवसांत सही करणारा अधिकारी जागेवर सापडेलच असं नाही. आणि फॉर्ममध्ये ‘टाइप’ निवडताना घाईनं महाराष्ट्राबाहेरचा म्हणून टिक करू नका.

शाळा सुटून वर्षं झाली असतील तर

वयानं मोठ्या लोकांबद्दल फारसं कुणी लिहीत नाही. लग्न झालेली, दोन मुलांची आई, दहावीत सुटलेली, आता पुन्हा शिकावंसं वाटणारी. फौंड्रीत दहा वर्षं मोल्डिंग करणारा माणूस, हातात कसब आहे पण कागद नाही. शहरातल्या संस्था यांच्याही आहेत.

दहावी-बारावी राहिली असेल तर राष्ट्रीय मुक्त विद्यालय, म्हणजे एनआयओएस. पदवी घ्यायची असेल तर म्हैसूरचं कर्नाटक राज्य मुक्त विद्यापीठ किंवा इग्नू. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचं नाव आपल्याकडं खूप जण घेतात, पण त्याची अभ्यासकेंद्रं महाराष्ट्रात असतात, म्हणून परीक्षेचा प्रवास आधी मोजा. प्रत्येक जिल्ह्यात बँकांनी चालवलेली ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था असते, लोक तिला आरसेटी म्हणतात. शिवण, मोबाईल दुरुस्ती, दुग्धव्यवसाय असं प्रशिक्षण ग्रामीण तरुणांना राहण्या-जेवण्यासकट फुकट मिळतं. जीटीटीसीसारख्या ठिकाणी सीएनसीचे लहान कोर्सही असतात. ज्याचे हात आधीच यंत्राला सरावले आहेत त्याला ते काही आठवड्यांत उपयोगी पडतात.

अशा लोकांना मी एकच विनंती करतो. पहिल्या दिवशी वर्गात सगळे आपल्या मुलाच्या वयाचे दिसतील, तरी दुसऱ्या दिवशी या.

पहिला महिना

आयटीआय किंवा डिप्लोमाला असाल तर सुती ॲप्रन आणि पुढं पत्रा असलेले बूट घ्या. नायलॉनचा शर्ट वर्कशॉपात घालू नका, ठिणगी पडली तर तो अंगाला चिकटतो. मुलींनी ओढणी आत खोचावी, वेणी बांधावी. मनगटातला धागा, अंगठी, कडं काढून ठेवावं. देवाचा असला तरी खिशात ठेवावा. मी एका पोराचं बोट लेथमध्ये जाताना पाहिलं आहे.

गणपत गल्लीच्या बाजूला 1848 सालचं सार्वजनिक वाचनालय आहे. खोलीत तिघं-चौघं असताना अभ्यास होत नाही, तेव्हा तिथं जाऊन बसा.

ट्रेड संपायच्या आधी सहा महिने ॲप्रेंटिसशिपच्या सरकारी पोर्टलवर नाव नोंदवा. 1961 च्या कायद्यानं कंपन्यांना ॲप्रेंटिस घ्यावे लागतात आणि स्टायपेंड द्यावा लागतो. उद्यमबाग, मच्छे, नावगे इथल्या फौंड्र्या आणि मशीन शॉप, हत्तरगीचे विमानांचे भाग बनवणारे कारखाने, सगळ्यांना माणसं लागतात. मुलाखतीला जाताना मार्क्स कार्डाबरोबर स्वतः केलेला एक जॉब घेऊन जा. बोल्ट असो, व्ही-ब्लॉक असो, साधा असला तरी चालेल, पण माप बरोबर हवं. समोरचा सुपरवायझर आधी तो उचलतो, अंगठ्यानं कड चाचपतो, खिशातून माप घ्यायचं व्हर्निअर काढतो, आणि मगच तुमचं नाव विचारतो.